समेच्या तोंडावर जाहिरात

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मराठी घरांतून अजून गाण्याच्या शिकवण्या चालतात. जुन्या गवयांची ध्वनिमुद्रणं मात्र आता कपाटात कमी आणि यूट्यूबवर जास्त सापडतात. तिथे आठ मिनिटांहून लांब व्हिडिओच्या मध्येही जाहिराती घालता येतात. २०२० पर्यंत ही मर्यादा दहा मिनिटांची होती. संथ लयीत रंगणारा विलंबित ख्याल म्हणजे आयतं सावज. आवर्तन भरत येतं, मुखडा धरून गवई समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, निघतो आणि नेमकी तिथेच कपड्यांच्या साबणाची जाहिरात अवतरते. मग एखादा शिष्य गुरुजींच्या लॅपटॉपवर जाहिराती अडवणारा अ‍ॅडब्लॉकर टाकून देतो.

व्हिडिओ एका दमात येत नाही. प्लेअर काही सेकंदांचे तुकडे मागवत राहतो. जाहिरातीची मागणी सहसा वेगळी जाते. ईझीलिस्टसारख्या याद्यांत जाहिरातींचे ओळखीचे पत्ते नोंदलेले असतात. यादीतला पत्ता दिसला की ती मागणी ब्राउझरबाहेर पडतच नाही. यूट्यूबवर एवढ्याने भागत नाही, कारण तिथे ख्याल आणि साबण एकाच पत्त्यावरून येतात. म्हणूनच घरातल्या सगळ्या यंत्रांसाठी पत्ते अडवणारं पाय-होल तिथे हात टेकतं. ब्राउझरला जोडायचं यूब्लॉक ओरिजिन हे ब्लॉकर-एक्स्टेन्शन आणखी आत शिरतं. कोणती जाहिरात कुठे लावायची हे सांगणारा मजकूर सर्व्हरकडून प्लेअरकडे येतो, त्यातला तेवढाच भाग ते खोडतं. प्लेअर बिचारा समजतो, आज जाहिरात नाहीच.

२०२३ मध्ये यूट्यूबने ब्लॉकरवाल्यांचे व्हिडिओ अडवायला सुरुवात केली. तिकडे गूगलच्या क्रोम ब्राउझरने एक्स्टेन्शनचे, म्हणजे अशा जोड-प्रोग्रॅमचे, नियमच बदलले. पूर्वी एक्स्टेन्शन प्रत्येक मागणी तपासून ऐन वेळी निर्णय घेई. आता नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करावी लागते. यात सुरक्षितता आहे, असं गूगल म्हणतं. ते खोटं नाही, सगळं वाचू शकणारं एक्स्टेन्शन धोक्याचं असतंच. पण हा नियम करणाऱ्याचं पोट जाहिरातींवर चालतं, हेही विसरू नये. (चॅनलवाल्यांचंही काही अंशी चालतं, फुकट ऐकणाऱ्यांनी, म्हणजे मीही, ते मान्य करायला हवं.)

खरी पंचाईत पुढे आहे. जाहिरातीचे तुकडे सर्व्हरवरच व्हिडिओत शिवून पाठवले, तर अडवायला वेगळी मागणीच उरत नाही. यूट्यूब असा प्रयोग करत असल्याचं २०२४ मध्ये स्पॉन्सरब्लॉक या व्हिडिओतले प्रायोजित भाग ओलांडणाऱ्या एक्स्टेन्शनच्या निर्मात्याने सांगितलं. त्याच्या लक्षात ते लवकर आलं, कारण व्हिडिओतला कोणता भाग प्रायोजित आहे याच्या वेळा त्याचे वापरकर्ते नोंदवतात आणि त्या वेळा सरकू लागल्या होत्या. पण याच सरकण्यात शिवणकाम उघडं पडतं. 'द्रुत १८:४० पासून' अशी लिंक कोणी पाठवली, तर आधी किती सेकंदांची जाहिरात घुसली हे प्लेअरला कळवावंच लागतं. प्लेअरला कळलं, की ब्लॉकरलाही कळू शकतं.

शिवाय ही जाहिरात आहे, हे प्रेक्षकाला दिसेल असं सांगावं लागतं. हाच धागा धरून प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये वेगळाच ब्लॉकर मांडला. पत्ते सोडा, माणसासारखं पडद्याकडे पाहून जाहिरातीची पाटी ओळखा. मात्र असे पाहणारे ब्लॉकरही चकतात. चित्रात नजरेला जाणवणारही नाहीत असे बदल करून त्यांना फसवता येतं, हे २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिलं.