हॅटची किंमत फेल्टमध्ये असते

हाताने बनवलेल्या फेडोरा, म्हणजे माथ्यावर खळ आणि भोवती कड असलेल्या, हॅटची किंमत ऐकली की पहिला संशय ब्रँडवर येतो. चांगल्या हॅटच्या बाबतीत मात्र खरी मेहनत फेल्टवर, म्हणजे प्राण्यांचे केस एकमेकांत गुंतवून केलेल्या जाड कापडावर, झालेली असते. इटलीतील आलेस्सांद्रिया इथे १८५७ मध्ये सुरू झालेल्या बोर्सालिनो या हॅट कंपनीचं नाव आजही त्यावरच टिकून आहे.

फेल्ट विणत नाहीत, त्यासाठी सूतही कातत नाहीत. सशाच्या किंवा बीव्हर या पाण्याकाठच्या प्राण्याच्या कातड्यावरचे लांब, राठ केस काढून टाकतात आणि खालची मऊ लव तेवढी घेतात. या लवेच्या प्रत्येक केसावर केराटिनचे, म्हणजे केस ज्या प्रथिनाचे बनतात त्याचे, सूक्ष्म खवले असतात, सगळे टोकाकडे झुकलेले. त्यामुळे केस मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलट जाताना अडतो. गरम आम्लयुक्त पाणी आणि सततची रगड मिळाली की केस एकमेकांत शिरत जातात आणि त्यांना मागे येता येत नाही. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात आटतो तो याच कारणाने.

सशाची लव मात्र आपणहून नीट गुंतत नाही. म्हणून पूर्वी तिला मर्क्युरिक नायट्रेट हा पाऱ्याचा क्षार चोळत. खवले खरखरीत होत, केसांची टोकं नारिंगी पडत. पण पुढे वाळवताना आणि वाफवताना सुटणारा पारा कारागिरांच्या श्वासातून शरीरात जाई. हात कापू लागत, स्वभाव चिडका आणि भित्रा होई. अमेरिकेतलं डॅनबरी हे हॅट बनवणारं शहर. तिथे या कंपाला ‘डॅनबरी शेक्स’ म्हणत. अमेरिकेत हॅटच्या फेल्टसाठी पारा वापरणं बंद झालं ते थेट १९४१ मध्ये. इतकी वर्षं लोकांनी ही किंमत मोजली, हे त्या देखण्या हॅटांकडे बघताना विसरू नये. आता हे काम हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आम्लावर भागतं.

तयार लव हवेने उडवून छिद्रं असलेल्या फिरत्या शंकूवर शोषून घेतात आणि वर गरम पाणी फवारतात. त्यावर तयार झालेला लवेचा शंकू हॅटपेक्षा कितीतरी मोठा असतो. तो पुन्हा पुन्हा गुंडाळून, दाबून, गरम पाण्यात निम्म्याहून लहान होईपर्यंत आटवतात. घाई इथेच नडते. अर्धवट आटलेलं फेल्ट दुकानात उत्तम दिसतं, पण त्यात आटायला वाव उरलेला असतो. पावसात भिजलं की हॅट आखडते.

मग हा आटलेला शंकू वाफेवर मऊ करून लाकडी साच्यावर ओढतात आणि माथा संपतो तिथे दोरी आवळतात. वाफेने केराटिनमधले हायड्रोजन बंध, म्हणजे त्याच्या रेणूंना धरून ठेवणारे कमजोर दुवे, सुटतात, फेल्ट वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. ओलं असतानाच साच्यावरून उतरवलं तर माथा ढिला पडतो. हॅटची कड ताठ राहावी म्हणून तिला लाखेचं पातळ द्रावण देतात. ते जास्त झालं तर दुमडल्यावर भेग पडते. शेवटी बारीक पॉलिश पेपरने घासून पृष्ठभाग मखमली करतात.

विकत घेताना कपाळाच्या मध्यातून, कानांच्या जरा वरून टेप फिरवून घेर मोजा. ५७ सेंमी भरला तर हॅटही ५७चीच घ्या. उचलताना माथ्याची चिमट धरू नका, तिथेच फेल्ट फाटतं. भिजलीच, तर आतली चामड्याची पट्टी बाहेर वळवून हॅट तिच्यावर उभी ठेवा आणि सावलीत वाळू द्या. ऊन किंवा हेअर ड्रायर नको: चामडं आकसतं आणि हॅट एक माप लहान होऊन बसते.