साइडकारच्या डब्यात बॅटरी

पाचोऱ्याला मामांच्या गोठ्याशेजारी एक जुनी बुलेट वर्षानुवर्षं उभी होती. डाव्या अंगाला साइडकार. एके काळी त्या डब्यात मामी, दोन पोरं आणि वरून केळीचा घड, असा सगळा संसार जळगावला जाऊन यायचा. मग इंजिन जाम झालं आणि डब्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. गाडी विजेवर करायचं ठरलं तेव्हा मामांनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती एचपीनी मोटार लागी रे भाऊ?"

खान्देशातल्या शेतकऱ्याला मोटार शिकवावी लागत नाही. फेज गेला की ती नुसती हुंकारते आणि बंद केली नाही तर वाइंडिंग जळतं, हे पोरांनाही ठाऊक असतं. मी म्हटलं, विहिरीवर आहे तेवढीच, पाचची. मामांचा विश्वास बसेना. 346 सीसीचं इंजिन 18 एचपीचं, त्याच्या जागी पाच?

हिशोब करून पाहू. गाडी, साइडकार, बॅटरी आणि दोन माणसं मिळून 410 किलो धरू. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरने जाताना टायरचा विरोध साधारण 60 न्यूटन आणि हवेचा 70 न्यूटन. त्यांच्यावर मात करायला दीड किलोवॅट, म्हणजे दोन एचपी पुरतात. इंजिनाचे 18 एचपी भरपूर फेऱ्यांवर, पूर्ण रेस दिल्यावरच मिळतात. विजेच्या मोटारीचा जोर मात्र चाक हलण्याआधीपासून हजर असतो. म्हणून लळिंग घाटासारख्या चढावर गाडी थांबली, तरी क्लच न जाळता पुन्हा निघते.

गाडीची मोटार विहिरीवरच्या मोटारीसारखीच तीन फेजवर चालते, पण आतून वेगळी. पंपाच्या मोटारीच्या फिरत्या भागात, म्हणजे रोटरमध्ये, चुंबक नसतो, त्याचं चुंबकत्व विजेमुळे तयार होतं. गाडीच्या मोटारीत निओडिमियमचे कायमचे चुंबक बसवलेले असतात, त्यामुळे तेवढीच ताकद बऱ्याच कमी वजनात मिळते. बॅटरीच्या डीसीतून तीन फेज बनवायचं काम कंट्रोलरचं. चुंबक या घडीला कुठे आहे हे सेन्सर सांगतो आणि कंट्रोलर त्या बेताने फेज बदलत राहतो.

पण मला या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती बॅटरीची जागा. साध्या मोटरसायकलला बॅटरीचं वजन हे ओझंच. साइडकारला त्याची गरज असते. रिकाम्या साइडकारची गाडी डावीकडे वळवताना सगळं वजन उजवीकडे ढकललं जातं आणि साइडकारचं चाक जमीन सोडतं. जुने चालवणारे म्हणूनच रिकाम्या डब्यात वाळूचं पोतं टाकत. गाडी 170 किलो, चालवणारा 70 आणि साइडकार 70 किलो धरली, तर 15 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 23 किलोमीटरच्या आसपासच चाक उचलू लागतं. तळाशी 40 किलोची बॅटरी ठेवली की हाच आकडा 28 वर जातो. पाचच किलोमीटरचा फरक, पण हँडल धरलेल्या हातांना तो लगेच कळतो. वाळूचं पोतं गेलं आणि त्याच वजनात गाडीचं इंधन आलं!

याची किंमतही मोजावी लागते. जोर लावतं मागचं चाक, ते उजवीकडे. वजनाचा मध्य मात्र आता आणखी डावीकडे सरकला. त्यामुळे रेस दिली की गाडी डावीकडे ओढते आणि ब्रेक लावला की उजवीकडे. विजेची मोटार एकदम जोर देत असल्याने हा हिसका जास्त जाणवतो. पहिल्या दिवशी मामांनी मूठ पिळली आणि गाडी सरळ कडब्याच्या गंजीकडे निघाली. मग कंट्रोलरमध्ये जोर हळूहळू चढेल अशी सेटिंग केली. मूठ सोडल्यावर मोटारच जनरेटर होऊन बॅटरीत वीज परत भरते, तेही कमी ठेवलं, कारण तो ब्रेकसुद्धा एकट्या मागच्या चाकावरच लागतो.

सेल घेतले लिथियम आयर्न फॉस्फेटचे. प्रत्येकी 3.2 व्होल्टचे 24 सेल ओळीने जोडले की 76.8 व्होल्ट होतात, आणि 50 अँपिअर-तासांचे असतील तर साधारण 3.8 युनिट वीज मावते. एवढ्यात 75 किलोमीटर व्हावेत, म्हणजे जळगावहून भुसावळला जाऊन परत येता येईल. या सेलमधला ऑक्सिजन फॉस्फेटने घट्ट बांधलेला असतो, तापल्यावर सहज सुटत नाही. त्यामुळे आगीचा धोका बाकीच्या लिथियम सेलपेक्षा कमी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो आणि पत्र्याचा डबा त्याहून तापतो. एवढ्या उष्णतेत चार्जिंग केलं की सेल लवकर म्हातारे होतात. म्हणून आम्ही डब्याला आतून थर्मोकोल आणि खाली जाळी लावली. चार्जिंग रात्री, अंगणात खाटा टाकल्यावर.

कागदांचं काम आधी करावं. गाडी विजेवर करायचा किट मान्यताप्राप्त हवा आणि बदल आरसीवर चढवायला हवा. 2021 च्या केंद्रीय नियमांत 50 वर्षांपुढच्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाडीलाच व्हिंटेज म्हटलं आहे, त्यामुळे इंजिन काढलं की तो मान जातो. मामांनी यावर चार दिवस विचार केला. शेवटी मिस्तरीला एकच अट घातली: फ्रेमला करवत लावायची नाही. मोटारीची प्लेट इंजिनाच्याच बोल्टांच्या भोकांवर बसवली आहे. इंजिन ऑइल पाजून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलंय, आणि त्याचे बोल्ट मामींच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत.