सिंगल-स्पीड व फिक्स्ड-गिअर सायकल : मुंबईतील रूपांतर आणि सुधारणा

पुढे एकच चेनव्हील आणि मागच्या चाकावर एकच दातेरी चक्र असलेल्या सायकलीला सिंगल-स्पीड म्हणतात. मागे फ्रीव्हील असेल तर पाय थांबले तरी सायकल पुढे जात राहते. चक्र हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, पक्के बसवलेले असेल, तर चाक फिरते तोवर पेडलही फिरत राहतात. ही फिक्स्ड-गिअर सायकल, बोलण्यात ‘फिक्सी’. पेडल मागे रेटले की तिचा वेग कमी होतो. ट्रॅक शर्यतींच्या सायकली आजही अशाच असतात, आणि जपानमध्ये १९४८ साली कोकुरा येथे सुरू झालेली केइरिन शर्यतही याच सायकलींवर होते. रस्त्यावरच्या शर्यतीतसुद्धा एकच गिअर ही फार जुनी गोष्ट नव्हे; टूर द फ्रान्समध्ये स्पर्धकांना डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, वापरण्याची मुभा १९३७ साली मिळाली.

मुंबईला एका गिअरची सायकल नवी नाही. डबेवाल्यांची, दूधवाल्यांची, पाववाल्यांची काळी सायकल ही सिंगल-स्पीडच. वरळीत हिंद सायकल्सचा कारखाना होता; १९८० च्या कायद्याने सेन-रॅले या दुसऱ्या सायकल कंपनीसह त्याचे राष्ट्रीयीकरण झाले. अशी जुनी काळी सायकल किंवा गिअर उतरवलेली पोलादी रोड सायकल हाच इथल्या बहुतेक रूपांतरांचा पाया असतो. सुटे भाग काळबादेवीच्या सायकल दुकानांत मिळतात आणि जुन्यांसाठी चोर बाजार पालथा घालता येतो. सांगाडा पोलादी असावा, कारण तो थोडा फाकवता येतो, त्याला झाळता येते आणि त्यातले बिघडलेले आटे पुन्हा पाडून घेता येतात.

मागची खाच

सायकल घेण्याआधी मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो ती खाच पाहावी. खाच आडवी असेल तर चाक मागे-पुढे सरकवून चेन ताणता येते, आणि काळ्या सायकलीत तशी सोय असते. खाच उभी असेल तर चाक सरकत नाही. अशा सायकलीत फ्रीव्हील ठेवून चेन ताणून धरणारा चेन-टेन्शनर लावला तर काम भागते. फिक्स्डमध्ये मात्र टेन्शनर चालत नाही: पेडल मागे रेटताच चेनची खालची बाजू ताठ होते आणि टेन्शनरचा दांडा वाकतो किंवा मोडतो. दात्यांची अशी जोडी शोधता येते की चेन नेमकी ताठ बसेल, पण काही शे किलोमीटरमध्ये चेन झिजली की ती पुन्हा सैल पडते.

दात्यांचे गणित

मुंबई बहुतांशी सपाट असल्याने एक गिअर पुरतो. चढ आहेत ते मलबार हिल, केम्प्स कॉर्नर, पवई आणि असंख्य उड्डाणपूल. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकलला बंदी आहे, म्हणून वांद्र्याहून दक्षिणेला जाणारा सायकलस्वार माहीम कॉजवेने सिग्नलमागून सिग्नल घेत जातो. दर सिग्नलला शून्यातून उचल घ्यावी लागते, आणि गिअर ठरवताना सर्वांत जास्त वजन याच गोष्टीला द्यावे. परदेशी सपाट शहरांसाठी सुचवलेले जड गिअर इथे गुडघ्यांवर येतात.

७००×३२, म्हणजे ३२ मिमी रुंदीच्या, टायरचा परीघ सुमारे २.१५ मीटर धरला, तर ४४ दात्यांचे चेनव्हील आणि १८ चे मागचे चक्र या जोडीत पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वापाच मीटर जाते; मिनिटाला ८० फेरे मारले तर ताशी २५ किमी. ४६/१७ मध्ये हेच अंतर ५.८ मीटर आणि वेग ताशी २८ किमी होतो. मुंबईच्या रोजच्या वापराला ४४/१८ उत्तम. पहाटे मोकळ्या मरीन ड्राइव्हवर फिरवायची असेल तर ४६/१७ घ्यावे. मागे एक दाता कमी-जास्त केला की गिअर सुमारे ६ टक्क्यांनी बदलतो, पुढे एका दात्याने फक्त २ टक्क्यांनी. म्हणून मोठा फरक मागे आणि बारीक फरक पुढे करावा. कोणत्याही बाजूला एक दाता वाढवला की एक्सल साधारण ३ मिमी पुढे सरकतो; खाचेत तेवढी जागा आहे का, ते आधी मोजावे.

फिक्स्डमध्ये चाक लॉक करून घसरवणाऱ्यांनी ४८/१६ टाळावे. ३:१ या सरळ प्रमाणात टायर दरवेळी एकाच जागी घासतो आणि तिथेच फाटतो. ४६/१७ मध्ये तीच झीज १७ जागी वाटली जाते.

हब आणि चक्र

फिक्स्ड रूपांतरातल्या बहुतेक चुका इथे होतात. खऱ्या ट्रॅक हबवर दोन पायऱ्यांचे आटे असतात: आतल्या मोठ्या, सुलट आट्यांवर चक्र बसते आणि बाहेरच्या लहान, उलट्या आट्यांवर लॉकरिंग, म्हणजे चक्र आवळून धरणारी रिंग. पेडल मागे रेटल्यावर चक्र सुटू पाहते, तेव्हा तेच फिरणे लॉकरिंगला आणखी आवळते. साध्या फ्रीव्हील हबवर ही दुसरी पायरी नसते. त्यावर फिक्स्ड चक्र चढवून बीबीची (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या दांड्यांचा एक्सल ज्यात फिरतो त्या बेअरिंगची) रिंग लावण्याचा प्रकार सर्रास चालतो. दोन्ही आटे एकाच दिशेचे असल्याने चक्र सुटताना रिंगलाही सोबत घेऊन सुटते, आणि तेही नेमके जोरात थांबायचे असते त्या क्षणी.

कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये फ्रीव्हील वेल्ड करून ‘फिक्स’ करून देतात. हा उपाय त्याहून वाईट. वेल्डिंगने फ्रीव्हीलचे आतले दात जाम होतात, पण संपूर्ण फ्रीव्हील हबवर सुलट आट्यांनीच बसलेले असते आणि ते रोखायला काहीच नसते. शिवाय उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते. फिक्स्ड हवीच असेल तर ट्रॅक हबचे चाक बांधून घ्यावे. एका बाजूला फिक्स्ड, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील असा दुहेरी हब मिळाला तर फारच छान.

चक्र बसवताना आटे रॉकेलने धुऊन कोरडे करावेत आणि पातळ ग्रीस लावावे. चक्र आधी हाताने फिरवावे. पहिले दोन आटे अडखळले तर लगेच उलटे काढून पुन्हा सुरुवात करावी. मग चेन-व्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या पान्याने) घट्ट करावे. त्यानंतर दोन्ही ब्रेक लावलेल्या सायकलवर, पेडल मागे न रेटता, एखादा छोटा चढ जोर लावून चढावा म्हणजे चक्र शेवटपर्यंत बसते. घरी येऊन लॉकरिंग हुक-पान्याने (रिंगच्या खाचेत अडकणाऱ्या आकड्याच्या पान्याने) डावीकडे फिरवून आवळावी आणि पहिल्या २०-३० किमीनंतर पुन्हा तपासावी. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे चेन-व्हिप आणि हुक-पाना क्वचितच असतो, तेव्हा ही दोन हत्यारे स्वतःची असावीत.

ट्रॅक हबची रुंदी १२० मिमी. काळ्या सायकलीची मागची जागा बहुतेकदा ११० मिमीच्या आसपास भरते, म्हणून सांगाडा दोन्ही बाजूंना सारखा फाकवावा लागतो. मागच्या एका खाचेपासून हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत दोरा ताणावा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजावे. ते समान आले तरच सांगाडा सरळ.

चाके आणि ब्रेक

काळ्या सायकलीची २८×१½ रिम ६३५ मिमी व्यासाची असते, तर हल्लीच्या रोड सायकलींच्या ७००सी मापाची ६२२ मिमी. जुन्या मागच्या चाकाला ४० तारा, पुढच्याला ३२. नव्या रिमला ३२ किंवा ३६ भोके. म्हणून जुना मागचा हब ठेवून नुसती रिम बदलू म्हटले तर भोकांचा हिशोब जमत नाही. चाक पूर्णच बांधावे लागते.

हा खर्च आधी करावा, रंग आणि हँडल नंतर. कारण ब्रेक. काळ्या सायकलीच्या रॉड ब्रेकचे गुटके रिमला आतून, तारांच्या बाजूने लागतात. त्या रिमच्या कडा गोलसर असल्याने रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा कॅलिपर ब्रेक तिथे पकड घेत नाही. आणि क्रोमचा मुलामा असलेली पोलादी रिम ओली झाली की कुठलाही ब्रेक जवळजवळ निकामी होतो. जुलैच्या पावसात दादर टीटीच्या उड्डाणपुलाच्या उतारावर हे चटकन कळते. ॲल्युमिनियमची रिम ओल्यातही बरीच पकडते. चाक आणि ब्रेक एकदमच बदलावेत.

ब्रेक विकत घेण्याआधी पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या माथ्यावरील भोकापासून रिमच्या कडेच्या मध्यापर्यंत अंतर मोजावे. ७००सी बसवल्यावर रिम ६.५ मिमी खाली जाते, त्यामुळे साधे रोड कॅलिपर पोहोचत नाहीत. लांब हातांचे घ्यावे लागतात. फिक्स्डवर मागचा ब्रेक नसला तरी चालेल, पुढचा असलाच पाहिजे. पायाने दिलेला रोध फक्त मागच्या चाकावर पडतो, आणि जोरात थांबताना वजन पुढे सरकून मागचे चाक हलके होते. चेन उतरली किंवा तुटली तर तोही रोध राहत नाही. बेस्टच्या बसमागे, रिक्षांच्या गर्दीत पुढच्या ब्रेकशिवाय फिक्सी चालवणे हे शौर्य नाही, इतरांच्या जिवाशी खेळ आहे.

टायर ३२ मिमी किंवा त्याहून रुंद असावा. पेव्हर ब्लॉकमधल्या फटी आणि काँक्रीटच्या पट्ट्यांमधले सांधे २३ मिमीचा टायर गिळतात. साधारण ७० किलोच्या स्वाराला ३२ मिमीत ६० ते ७० पीएसआय हवा पुरते. याहून कमी असेल तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटून दोन समांतर भोके पडतात.

बीबी, क्रँक आणि चेनची सरळ रेषा

जुन्या क्रँक (पेडलचे दांडे) कॉटर पिनने, म्हणजे आडव्या खिळीने, बसवलेल्या असतात. फिक्स्डमध्ये दाब पुढून-मागून दोन्ही दिशांनी येत असल्याने कॉटर लवकर खिळखिळा होतो आणि दर फेऱ्याला ‘टक’ ऐकू येते. चौकोनी टोकाच्या एक्सलची सीलबंद बीबी बसवणे हा कायमचा उपाय. चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, दुसरीकडे सुलट. रॅलेच्या जुन्या घडणीत इंचाला २६ आटे असतात, बाजारातल्या बीबीला २४. दोन-तीन फेऱ्यांनंतर पाना जड लागला तर जोर न करता थांबावे. ७००सीच्या लहान चाकाने बीबीही जमिनीजवळ येते आणि फिक्स्डमध्ये वळणावर पेडल थांबवता येत नाही. १६५ मिमीची क्रँक घेतली तर पेडल रस्त्याला घासण्याची भीती कमी होते.

चेनव्हीलचे दाते सीटच्या नळीच्या मध्यापासून जितके दूर, मागचे दाते चाकाच्या मध्यापासून तितकेच दूर असावेत. ट्रॅक हबला हे अंतर सुमारे ४२ मिमी असते. दीड-दोन मिमीपेक्षा जास्त फरक राहिला तर चेन घरघरते, दात्यांच्या एका बाजूला चकाकी येते आणि खड्ड्यात ती उतरते. फरक बीबीच्या एक्सलच्या लांबीने किंवा चेनव्हीलमागे वॉशर घालून भरून काढावा. १/८ इंच रुंदीची चेन ३/३२ च्या चक्रावर चालते, पण ३/३२ ची चेन १/८ च्या चक्रावर बसत नाही.

चेन ताणताना उजवा नट अर्धा आवळून चाक मागे ओढावे, मग रिम दोन्ही नळ्यांच्या मधोमध आणून डावा नट आवळावा. फ्रीव्हीलमध्ये चेनचा मध्य १० ते १५ मिमी वर-खाली हलावा, फिक्स्डमध्ये त्याहून थोडा कमी. क्रँक पूर्ण फिरवून पाहावी. एका जागी चेन ताठ आणि समोरच्या जागी सैल होत असेल तर चेनव्हील मध्यावर नाही. त्याचे बोल्ट किंचित सैल करून ताठ जागी हलके ठोकावे. फिरत्या फिक्सीची चेन फडक्याने कधीही पुसू नये. चाकाचा वेग फडक्याबरोबर बोटही चक्रात ओढून नेतो. बोटे गेल्याची उदाहरणे याच चुकीमुळे घडलेली आहेत.

समुद्र आणि पाऊस

चेनचे १२ इंच म्हणजे २४ जोड मोजावेत. ते १२ आणि १/१६ इंच भरले की चेन बदलावी. १/८ पर्यंत थांबले तर चक्रही बाद होते. किनाऱ्याजवळ ठेवलेल्या सायकलला कोरडे मेणयुक्त वंगण पावसाळ्यात टिकत नाही, दाट तेल लागते, आणि दर आठवड्याला पुसून पुन्हा लावावे लागते. साचलेल्या पाण्यातून सायकल नेली असेल तर कप-कोनचे (सुट्या छर्ऱ्यांचे) हब उघडून छर्रे धुवावेत, नवे ग्रीस भरावे. बीबीच्या नळीखाली पाणी जायला भोक आहे ना ते पाहावे. ॲल्युमिनियमची सीटपोस्ट पोलादी नळीत ग्रीसशिवाय बसवली तर खाऱ्या दमट हवेत दोन धातू एकमेकांना चिकटतात आणि मग ती कापूनच काढावी लागते. पावसाळ्याआधी आणि नंतर ती एकदा बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवावी.