एकाच वर्षाची एकच वाइन, मग दोन नावं कशाला? बॉलिंजरची ग्राँद आने आणि आर. डी.

मावसभाऊ लंडनहून येताना बॉलिंजर या शँपेन घराण्याची बाटली घेऊन आला, ला ग्राँद आने, 2014 ची. टेबलावर ठेवता ठेवता म्हणाला, ही दहा वर्षं कपाटात ठेवून दे, आपोआप आर. डी. (त्याच घराण्याची जास्त वर्षं मुरलेली शँपेन) होईल. मी म्हटलं नाही रे होत तसं, आणि मग जेवण गार होईपर्यंत आमचं तेच चाललं होतं. हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो आणि मला ही वाइन मनापासून आवडते, म्हणून नीट लिहिते.

आधी घराण्याबद्दल थोडं. आपण बॉलिंजर म्हणतो, फ्रेंच लोक बोलँजे म्हणतात. 1829 पासून फ्रान्सच्या शँपेन भागातल्या ज्या गावात ते आहेत त्या गावाच्या नावाचा उच्चार चक्क ‘आई’ असा होतो, मला हे कळलं तेव्हा इतकं छान वाटलं होतं. मोएत, व्हव क्लिको अशी मोठी नावं आता एका बड्या ग्रुपच्या मालकीची आहेत, बॉलिंजर मात्र अजून कुटुंबाकडेच आहे. आणि आर. डी. ची गोष्ट याच कुटुंबातल्या एका बाईची आहे. लिली बॉलिंजर. 1941 साली नवरा गेला, तेव्हा तिथे जर्मनांचा ताबा होता, पेट्रोल मिळेना, तर ही बाई सायकलवरून द्राक्षमळे बघत हिंडायची आणि 1971 पर्यंत तिनेच सगळा कारभार बघितला.

आता ग्राँद आने म्हणजे शब्दशः ‘मोठं वर्ष’. द्राक्षं खरंच चांगली आली असतील त्याच वर्षी ती करतात, जास्त वाटा पिनो न्वार जातीच्या द्राक्षांचा, जोडीला शार्दोने जातीची, आणि सगळी वाइन जुन्या ओकच्या पिंपांत आंबवतात. नंतर बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालतात, मग बाटलीतच परत आंबते आणि बुडबुडे तयार होतात. यीस्टचं काम झालं की ते मरतं आणि गाळ होऊन खाली बसतं. नाशिकला वायनरी टूर केली असेल तर हे ऐकलं असेल, तिकडच्या चांगल्या स्पार्कलिंग वाइन याच पद्धतीने होतात, फक्त त्यांना शँपेन म्हणता येत नाही.

सगळा फरक या गाळात आहे. आर. डी. ची द्राक्षं वेगळी नसतात, पिंपं वेगळी नसतात, ती मुळात ग्राँद आनेच असते. ग्राँद आनेचा गाळ साधारण सात-आठ वर्षांनी काढतात आणि बाटल्या विकायला जातात. त्याच वर्षाच्या काही बाटल्या तळघरात गाळासकट आडव्या ठेवून देतात, अजून कितीतरी वर्षं, एकूण बारा-पंधरा वर्षंसुद्धा होतात, आणि बाजारात पाठवायच्या थोडं आधी त्यांचा गाळ काढतात. आर. डी. म्हणजे रेसामाँ देगोर्जे, नुकताच गाळ काढलेली. लिलीबाईंनी ही कल्पना 1967 साली बाजारात आणली, 1952 च्या वाइनपासून, म्हणजे पंधरा वर्षं जुनी वाइन आणि नावात मात्र ‘नुकतीच’.

मग घरी ठेवून तेच का होत नाही? लोणच्याची बरणी आठवा. बरणीत वर तेलाचा थर असतो तोवर लोणचं आत निवांत मुरत राहतं, तेच छोट्या बाटलीत काढून फ्रीजबाहेर ठेवलं की त्याची गत वेगळी होते. तसंच गाळावर असलेली वाइन मुरते, कारण मेलेलं यीस्ट आतला ऑक्सिजन खाऊन टाकतं आणि हळूहळू स्वतः विरघळत वाइनला चव देत राहतं. गाळ काढला की ते संरक्षण गेलं, त्यासाठी बाटली उघडताना थोडी हवा आत जाते आणि तिथून पुढे वाइनचं म्हातारपण सुरू होतं. भावाच्या बाटलीतला गाळ कधीच निघालाय, ती पुढेही छान होऊ शकते, पण वेगळ्या वाटेने, आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये कपाटात तर अजिबातच नको.

गाळ काढण्याचं काम बघण्यासारखं असतं. बाटली हळूहळू उलटी करत करत गाळ मानेत आणलेला असतो, आणि या दोन्ही वाइनना तळघरात पत्र्याच्या झाकणाऐवजी खरं बूच असतं, ते लोखंडी क्लिपने धरलेलं. कामगार बाटली उलटी धरतो, क्लिप काढतो, बूच सरकायला लागलं की नेमक्या क्षणी बाटली वर उचलतो, आतल्या प्रेशरने बूच आणि गाळ उडतो आणि तो लगेच अंगठ्याने तोंड दाबतो. मग नाक लावून वास घेतो, बुचाचा वास लागलेली बाटली तिथेच बाजूला. प्रत्येक बाटली अशी हाताने.

शेवटी थोडी साखर घालतात तिथेही दोघींत फरक आहे. ग्राँद आनेत लिटरला साधारण सात-आठ ग्रॅम, आर. डी. त तीन-चार. इतकी वर्षं मुरल्यावर तिला साखरेचा आधार लागत नाही.

चवीला ग्राँद आने भरलेली, गोलसर, सफरचंद, भाजलेला ब्रेड, थोडं लोणी, पहिल्या घोटातच आवडते. आर. डी. मी एकदाच प्यायले आहे, एका टेस्टिंगमध्ये, छोट्या ग्लासात. सुका मेवा, मध, भाजलेलं हेझलनट, आणि शेवटी एक अशी धारदार आंबट चव की वाटतं ही वाइन कालच केली असावी. मला तेव्हा कळलं की नाव ‘नुकतीच’ का ठेवलं. पण खरं सांगू का, पैसे बघता आणि सोबत जेवण असेल तर मी ग्राँद आनेच घेईन, तळलेल्या पापलेटबरोबर (तिखट कमी ठेवा) ती फार जमते. आर. डी. जेवणाबरोबर आणली तर तिच्याकडे लक्षच जात नाही.

आणि हो, ला ग्राँद दाम म्हणून एक आहे ती व्हव क्लिकोची, तिचा याच्याशी काही संबंध नाही, दुकानात नाव अर्धवट वाचून घेऊ नका. बाटली हातात आली की मागचं लेबल बघा, गाळ कधी काढला ते तिथे छापलेलं असतं. भावाच्या बाटलीवरची तारीख बघितली आणि त्याला म्हटलं, हिला आता अजून वाट बघायला लावू नको, रविवारी उघडू.