प्लँटरची लेव्हल आणि पेरणीची खोली: दुखणे एकाचे, इलाज दुसऱ्याचा

प्लँटरने, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या पेरणी यंत्राने, पेरल्यावर उगवण विरळ झाली, काही ओळी मागे पडल्या, की पहिला हात जातो तो खोलीच्या लिव्हरकडे. बी वर पडले म्हणून एक खाच खाली, खोल गेले म्हणून एक खाच वर. पुष्कळदा खोलीची खाच बरोबरच असते, यंत्र मात्र तिरके चाललेले असते. तिरक्या यंत्रावर खोली कितीही बदला, चार ओळींत चार वेगळी मापे निघणार.

खोली म्हणजे मातीच्या वरच्या थरापासून बियापर्यंतचे अंतर. मक्याला साधारण ५ सें.मी., सोयाबीनला ३ ते ४ सें.मी. चालते. लेव्हल म्हणजे यंत्राचा सांगाडा जमिनीला समांतर असणे. हे समांतर असणे दोन बाजूंनी पाहावे लागते. डावे-उजवे टोक सारख्या उंचीवर हवे, आणि पुढची-मागची बाजूही. डावे-उजवे बहुतेकजण बघतात. पुढे-मागे मात्र राहून जाते, आणि माझ्या मते जास्त नुकसान तिथेच होते.

डावी-उजवी बाजू ट्रॅक्टरच्या लिफ्ट रॉडवर, म्हणजे यंत्र उचलणाऱ्या मागच्या दोन उभ्या दांड्यांवर, जुळवतात. बऱ्याच ट्रॅक्टरवर उजव्या रॉडला त्यासाठी फिरवायची सोय असते. त्याआधी दोन्ही मागच्या टायरमधली हवा सारखी आहे का ते पाहा. एका टायरात हवा कमी असेल तर लिफ्ट रॉडने केलेली लेव्हल ही त्या टायरची भरपाई ठरते, आणि हवा भरली की ती बिघडते. जी बाजू खाली, तिकडच्या ओळी खोल आणि दुसऱ्या टोकाच्या उथळ. जमिनीवर फिरणाऱ्या चाकावर बी एकेक करून सोडणारी चकती चालत असेल, तर वर उचललेल्या बाजूचे चाक मधूनमधून अधांतरी होते आणि तिथे बीच पडत नाही.

पुढची-मागची बाजू टॉपलिंकवर, म्हणजे यंत्राचा वरचा भाग ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या, लांबी बदलता येणाऱ्या दांडीवर ठरते. टॉपलिंक आखूड केली की यंत्राचे तोंड खाली आणि शेपूट वर; लांब केली की उलटे. (ओढून न्यायच्या प्लँटरला हेच काम हिचची, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायच्या जागेची, उंची करते.) तोंड खाली झुकले की मागची माती दाबणारी चाके हलकी पडतात. चर उघडी राहते, बी दिसते आणि ओल उडून जाते. शिवाय बियाण्याची नळी तिरकी होते, बी नळीच्या भिंतीला आपटत खाली येते आणि अंतर चुकते. अशा वेळी माणूस चकती बदलतो, बियाण्याचा आकार तपासतो, आणि टॉपलिंकला कोणी हात लावत नाही. तोंड वर राहिले तर मागची चाके नको इतकी दाबतात आणि पुढचे कोल्टर (माती चिरणारी गोल तवी) माती नीट कापत नाही.

खत पुढच्या फणातून आणि बी मागच्या फणातून पडणाऱ्या यंत्रात हे आणखी नाजूक होते. फण सांगाड्याला घट्ट बसलेले असल्याने यंत्र जितके झुकेल तितका पुढच्या आणि मागच्या फणांच्या खोलीत फरक पडतो. तोंड वर झाले की एरवी बियापेक्षा खोल जाणारा खताचा फण उथळ आणि बियाण्याचा खोल. मग दोहोंमधले अंतर कमी होते. खत बियाच्या जवळ आले की कोंब जळतो, आणि ते रोप आलेच नाही म्हणून आपण बियाण्याला दोष देतो.

प्रत्येक ओळीला स्वतःची गेज चाके (खोली राखणारी चाके) असलेल्या प्लँटरवर तिरकेपणा काही प्रमाणात झाकला जातो, कारण प्रत्येक युनिट, म्हणजे एका ओळीचा पेरणीचा संच, आपापल्या चाकांवर टेकते. म्हणून तिथे खोलीवर भरवसा ठेवून लेव्हल विसरली जाते. मागच्या चाकांचा दाब आणि नळीचा कोन मात्र तिथेही टूलबारच्या (युनिट ज्यावर बसवतात त्या आडव्या दांड्याच्या) लेव्हलवरच ठरतो.

दोन्ही दुखणी ओळखायची कशी? यंत्र शेतात खाली टेकवून, पेरणीच्याच वेगाने थोडे अंतर चालवा. मग न उचलता थांबा, इंजिन बंद करा, ब्रेक लावा. प्रत्येक ओळीत हाताने माती बाजूला करून बी शोधा आणि पट्टीने माप घ्या. सगळ्या ओळी सारख्याच उथळ असतील तर खोली बदला. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे माप वाढत गेले असेल तर लिफ्ट रॉड. माप सारखे, पण चर उघडी आणि बियांची अंतरे विस्कळीत, तर आधी टॉपलिंक पाहा. एकच ओळ वेगळी वागत असेल तर त्या युनिटची डिस्क (चर पाडणारी तवी), चाक किंवा चिकटलेली माती बघा. लेव्हल अजिबात हलवू नका.

ही तपासणी शेडच्या फरशीवर पुरेशी होत नाही. शेतात टायर रुततात, पेटीत बियाणे आणि खत भरल्यावर वजन बदलते, म्हणून पेटी निम्मी तरी भरून पाहावे. पाणसळ सपाट जागी उपयोगी आहे, पण उताराच्या शेतात ती फसवते. यंत्राला जमिनीशी समांतर राहायचे असते आणि पाणसळ क्षितिजाशी समांतर दाखवते. तिथे टूलबारच्या दोन्ही टोकांपासून जमिनीपर्यंत टेप लावून दोन मापे घ्या. पुढच्या-मागच्या बाजूसाठी, युनिट टूलबारला जोडणारे समांतर आर्म असतील तर यंत्र कामाच्या स्थितीत असताना ते जमिनीशी साधारण समांतर दिसले पाहिजेत.

क्रम नेहमी एकच: टायरची हवा, डावे-उजवे, पुढे-मागे, आणि सर्वांत शेवटी खोली. डिस्कचे कडेचे लोखंड झिजत जाते, व्यास कमी होतो आणि त्याच खाचेवर बी आधीपेक्षा वर पडते. म्हणून वहीत नुसता खाचेचा नंबर लिहून भागत नाही. त्याशेजारी टूलबारची जमिनीपासूनची उंची आणि त्या दिवशी पट्टीवर दिसलेली खोली, दोन्ही लिहा.