दोन ट्रॅकच्या रिलीजमागची तबकडी

हाऊस किंवा टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा एखादा निर्माता नवं काही काढतो तेव्हा बहुतेकदा हाती येतात दोन-तीनच ट्रॅक. सोबत एखादा 'डब' (गायन बहुतेक काढून ठोका-बास पुढे आणलेलं रूप), एखादा रिमिक्स. सुरुवातीला मिनिटभर नुसता ठोका चालू असतो. गाणं आहे तरी कुठे, म्हणून नवखा श्रोता वैतागतो. संगीत आता फाइलींतून विकलं जातं, पण ही सगळी ठेवण बारा इंची तबकडीची आहे.

ती तबकडी मुळात न्यूयॉर्कच्या डिस्कोची. रिमिक्स करणारे टॉम मोल्टन सत्तरच्या दशकात गाण्याचा नमुना तबकडीवर कापून घ्यायला गेले, तर सात इंची कोऱ्या तबकड्या संपलेल्या. मग मोठ्या तबकडीवर एकच गाणं कापलं. खाचा ऐसपैस पडल्या आणि आवाज दणदणीत झाला, बास तर विशेषच. १९७६ साली सॅलसोल कंपनीने डबल एक्स्पोजर या गटाचं, वॉल्टर गिबन्सने रिमिक्स केलेलं नऊ मिनिटांहून लांब 'टेन पर्सेंट' अशाच तबकडीवर दुकानांत आणलं.

पुढे डिस्कोवर राग निघाला. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवल्या. त्याच शहरातल्या वेअरहाऊस क्लबात डीजे फ्रँकी नकल्स मात्र त्या वाजवतच राहिले. तिथे नाचायला येणारे प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुण. 'हाऊस' हे नाव या क्लबावरूनच पडलं, असं सहसा मानतात. जेसी सॉन्डर्सची 'ऑन अँड ऑन' ही १९८४ची तबकडी पहिली हाऊस तबकडी म्हणून सांगितली जाते.

मला यातलं सर्वांत आवडतं प्रकरण रोलंड या वाद्यकंपनीच्या टीबी-३०३ या यंत्राचं. चंदेरी रंगाची ही डबी बास गिटार वाजवणाऱ्याची जागा भरून काढायला बनवली होती, पण तिचा आवाज गिटारसारखा लागेचना. १९८४पर्यंत तिचं उत्पादन थांबलं आणि ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. शिकागोच्या फ्यूचर या तिघांच्या गटाने तिची बटणं वाजता वाजता पिळली, तसा आवाज किरकिरत, चिरकत वर चढला. त्या रेकॉर्डिंगची टेप डीजे रॉन हार्डींनी म्युझिक बॉक्स क्लबात एकाच रात्री चार वेळा लावली. पहिल्यांदा लोक नाचायचे थांबले. चौथ्यांदा वेडे झाले. तेच पुढे १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स' म्हणून निघालं. तबकडीची एक सगळी बाजू त्या एका ट्रॅकने खाल्ली.

डेट्रॉइटमध्ये वान ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या निर्मात्यांनी स्वतःचीच लेबलं, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या, काढली. १९८८चं त्यांचं ब्रिटनमधलं संकलन 'हाऊस' म्हणूनच निघायचं होतं. ॲटकिन्स यांच्या 'टेक्नो म्युझिक' या ट्रॅकमुळे नाव बदलून 'टेक्नो' झालं. एकाच माणसाने चार नावांनी तबकड्या काढण्याची सवयही इथे मुरली. ॲटकिन्स 'मॉडेल ५००' झाले, डेट्रॉइटचेच कार्ल क्रेग कधी '६९' तर कधी 'पेपरक्लिप पीपल'.

त्या सुरुवातीच्या ठोक्याचं कारण साधं आहे. डीजेला चालू तबकडीच्या गतीशी दुसरीची गती जुळवायला मोकळी जागा लागते. २००४ साली बीटपोर्ट हे डीजेंसाठीचं ऑनलाइन दुकान सुरू झाल्यावर डीजे फाइली विकत घेऊ लागले, तरी ती जागा राहिली. बदल झाला तो नावांत. पूर्वी लांब रूप हेच मूळ असायचं. आता बऱ्याच रिलीजमध्ये त्याला 'एक्स्टेंडेड मिक्स' म्हणतात, आणि तीन मिनिटांचं कापलेलं रूप यादीत वर बसतं.