ब्लेडला इंजिन नसतं

कार्बन फायबरचं ब्लेड लावून धावणाऱ्या खेळाडूची चित्रफीत मोबाइलवर फिरू लागली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक हात जोडणारी. दुसरी म्हणते, "त्याला काय, पायाला स्प्रिंगच लावलीय!" मला दुसरी जास्त महत्त्वाची वाटते. तिच्यात एक विधान आहे, आणि ते विज्ञानाच्या कसोटीवर घासून बघता येतं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये चीनमधल्या वुहान शहरात सातव्या जागतिक लष्करी क्रीडा स्पर्धा झाल्या. शंभराहून अधिक देशांचे सैनिक तिथे खेळले. या स्पर्धा भरवणारी आंतरराष्ट्रीय लष्करी क्रीडा परिषद १९४८ सालची, पण सगळे खेळ एकत्र घेऊन होणारी ही मोठी स्पर्धा १९९५ मध्ये रोमला सुरू झाली. २००७ मध्ये ती आपल्याकडे हैदराबादला झाली आणि शिडाच्या नौकांच्या शर्यती मुंबईत. २०१५ मध्ये दक्षिण कोरियातल्या मुन्ग्यॉन्ग इथे दिव्यांग सैनिकांच्या अॅथलेटिक्सचा समावेश झाला.

वुहानमध्ये भारतीय सैन्याच्या अभियंता दलातल्या मद्रास सॅपर्सचे आनंदन गुणशेखरन १००, २०० आणि ४०० मीटर या तिन्ही शर्यतींत सुवर्णपदक घेऊन आले. २००८ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये भूसुरुंगाच्या स्फोटात त्यांचा एक पाय गुडघ्याखाली गेला होता. १०० मीटर त्यांनी १२.०० सेकंदांत पार केलं. म्हणजे उभ्या जागेवरून सुरुवात धरूनही सरासरी ताशी ३० किलोमीटर. शहरातल्या रस्त्यावर बरोबरच्या स्कूटरचा काटा तिसावर असताना शेजारून कुणी धावत गेलं, तर आपण मान वळवून बघू.

मग हा वेग स्प्रिंगचा का?

त्यासाठी आधी धावणं म्हणजे काय ते नीट बघायला हवं. चालताना एक तरी पाय कायम जमिनीवर असतो आणि शरीर त्यावरून लंबकासारखं पुढे झुलतं. धावताना मात्र आपण उसळणारा चेंडू होतो. दोन्ही पाय हवेत असतात, मग एक पाय आपटतो, दबतो आणि शरीराला वर-पुढे उडवतो. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड कंडरा रबरासारखी ताणली जाते आणि साठवलेल्या ऊर्जेचा मोठा भाग परत करते. तळव्याची कमानही तेच करते. तेव्हा स्प्रिंग लावलीय ही तक्रार करायचीच, तर ती सगळ्याच धावपटूंबद्दल करावी लागेल. दोन धडधाकट पायांवर धावणाराही दोन स्प्रिंगांवरच धावतो.

ब्लेडची कल्पना इथूनच आली. व्हॅन फिलिप्स या अमेरिकन तरुणाचा पाय १९७६ मध्ये अपघातात गेला. त्या काळातले कृत्रिम पाय उभं राहायला आणि चालायला ठीक होते, उडी मारायला नाही. चित्त्याच्या मागच्या पायाचा बाक डोळ्यापुढे ठेवून त्यांनी कार्बन फायबरचा वाकवलेला पाय तयार केला. धावण्याच्या ब्लेडला टाच नसते, त्यामुळे त्यावर स्वस्थ उभं राहणंसुद्धा कठीण जातं. बॅटरी नाही, मोटर नाही, चिप नाही. राळेत भिजवलेल्या कार्बनच्या धाग्यांचे थर एकावर एक रचून, तापवून, दाबून केलेली ती एक पट्टी आहे.

आता माझ्या आवडीचा भाग. शाळेत स्प्रिंगचं सूत्र शिकलेलं असतं: जितकं दाबाल तितकं बल, आणि साठलेली ऊर्जा म्हणजे बल गुणिले दाबलेलं अंतर, त्याच्या निम्मी. समजा धावपटू ७० किलोचा आहे. जोरात धावताना पाय जमिनीला टेकतो तेव्हा जमीन त्याला वजनाच्या तिप्पट रेटा सहज देते, म्हणजे सुमारे २०६० न्यूटन. ब्लेड ८ सेंटिमीटर दबलं असं धरू. साठलेली ऊर्जा झाली सुमारे ८२ ज्यूल. चांगलं ब्लेड त्यातली ९० टक्क्यांच्या आसपास परत देतं, म्हणजे ७४ ज्यूल. उरलेली उष्णता होऊन गेली. यातला एकही ज्यूल ब्लेडने स्वतःच्या खिशातून घातलेला नाही. ते ८२ ज्यूल मांडीने, खुब्याने आणि खाली येणाऱ्या शरीराने त्यात भरले, आणि परत मिळताना कमीच मिळाले.

खरा पाय इथे वेगळा आहे. घोट्यामागे पोटरीचा जिवंत स्नायू आहे. तो साठवलेलं परत करतोच, वर स्वतःची नवीन ऊर्जाही घालतो. सुरुवातीच्या ठोकळ्यांवरून सुटताना हे फार लागतं, कारण तेव्हा साठलेलं काहीच नसतं. स्प्रिंगला आधी कुणी दाबायला हवं. म्हणून ब्लेडवरचा धावपटू पहिल्या काही पावलांत मागे पडतो आणि ती कसर मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंना भरून काढावी लागते.

अजून एक बारीक गोष्ट, आणि मला ती सर्वांत सुंदर वाटते. प्रत्येक स्प्रिंगला स्वतःचं घड्याळ असतं. वर काढलेल्या आकड्यांवरून तिचा ताठपणा येतो दर मीटरला सुमारे २६,००० न्यूटन. वस्तुमानाला ताठपणाने भागा, वर्गमूळ काढा, π ने (३.१४ ने) गुणा: दबून पुन्हा उसळायला लागणारा वेळ येतो सुमारे ०.१६ सेकंद. हे हलक्या धावण्याला ठीक आहे. पण जोरात धावणाऱ्याचा पाय जमिनीवर जेमतेम ०.१ सेकंद टिकतो. आपला पाय काय करतो? वेग वाढला की स्नायू आवळून स्वतःला ताठ करतो, आपोआप, पावलागणिक. ब्लेडला ते येत नाही. त्याचा ताठपणा कारखान्यात ठरला तो ठरला. प्रत्यक्षात पाय तिरका टेकतो, गुडघा आणि खुबा वाकतात, त्यामुळे पूर्ण हिशेब याहून किचकट होतो, पण अडचण हीच. म्हणून ब्लेड वजन आणि शर्यत बघून निवडावं लागतं. फार मऊ घेतलं तर उसळी उशिरा येते, पाय तोवर निघालेला असतो. फार कडक घेतलं तर ते दबतच नाही आणि सगळा दणका सॉकेटमधल्या, म्हणजे ब्लेड जोडलेल्या पेल्यातल्या, उरलेल्या पायावर, त्याच्या कातडीवर येतो.

मोजमापंही झाली आहेत. २०१० साली अमेरिकेतल्या अॅलेना ग्रॅबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी एका पायाला ब्लेड असलेल्या धावपटूंना बलमापक ट्रेडमिलवर पळवलं. ब्लेडच्या बाजूने जमिनीवर पडणारा रेटा दुसऱ्या पायापेक्षा सुमारे ९ टक्के कमी भरला. वेगाने धावणाऱ्याला सर्वांत जास्त गरज असते ती याच रेट्याची.

दोन्ही पायांना ब्लेड असेल तर वाद खरोखर अवघड होतो, हे कबूल करायला हवं. दोन्ही पायांना ब्लेड लावून धावणारा दक्षिण आफ्रिकेचा ऑस्कर पिस्टोरियस याच्यावर धडधाकट खेळाडूंच्या शर्यतींत उतरायला जानेवारी २००८ मध्ये बंदी आली आणि त्याच वर्षी मे महिन्यात क्रीडा लवादाने ती उठवली. ब्लेड हलकं असतं, ते झुलवायला सोपं, उंची किती ठेवायची हाही प्रश्न आहे. शास्त्रज्ञांमध्ये त्यावर मतभेद झाले. पण एका ब्लेडवर धावणाऱ्याला त्या वादात ओढणं चूक आहे. त्याला दोन वेगळ्या स्वभावांच्या पायांवर एकच लय सांभाळावी लागते.

"बायॉनिक", "सुपरमॅन" असे मथळे देणारे आणि अवयव जाणं हे मागच्या जन्मीचं पाप मानणारे, दोघेही माणसाची मेहनत पुसून टाकतात. एक तिचं श्रेय यंत्राला देतो, दुसरा दोष दैवाला. भूसुरुंगाला कुणाचं कर्म कळत नाही, फक्त वजन कळतं, आणि तो पुरणारे हात याच जन्मातले असतात. पुण्यात १९४४ पासून सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. तिथे जवानाला पुन्हा पावलावर उभं करतात ते मोजपट्टी, साचा आणि महिनोन्‌महिने व्यायाम यांच्या जोरावर. आपले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकले. पाण्यात तर ब्लेडही नव्हतं.

राहिलं वळण. ट्रॅकवर सगळे घड्याळाच्या उलट दिशेने धावतात, म्हणजे डावा पाय नेहमी आतल्या बाजूला. आतल्या लेनच्या वळणाची त्रिज्या साधारण ३६.५ मीटर असते. सेकंदाला ८ मीटर वेगाने तिथून जाताना शरीराला आत खेचणारं त्वरण लागतं ६४ भागिले ३६.५, म्हणजे १.७५, गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ १८ टक्के. शरीर दहा अंश आत कलतं. हा कल सांभाळताना खरा घोटा बाजूला वळतो, ब्लेड वळत नाही. ब्लेड आतल्या पायाला असेल तर धावपटू बाहेरच्या पायाला असण्यापेक्षा सुमारे ४ टक्के हळू जातो, असं मोजून दिसलं आहे. आठव्या लेनची त्रिज्या ४५ मीटरच्या आसपास, तिथे हाच त्रास थोडा कमी. म्हणजे डाव्या पायाला ब्लेड असलेल्या धावपटूच्या नशिबी पहिली लेन आली, तर २०० मीटरची निम्म्याहून जास्त शर्यत तो या तोट्यातच धावतो. ४०० मीटरमध्ये तशी दोन वळणं येतात, आणि दुसऱ्या वळणावर मांड्या आधीच पेटलेल्या असतात.